भारताला फुटबॉलमध्ये दोनदा एशियन गोल्ड जिंकून देणाऱ्या रहीमसाहेबांना द्रोणाचार्य का मिळायला हवा?

आधी ही यादी बघा.

१९६१ : प्रदीपकुमार बॅनर्जी
१९६२ : तुलसीदास बलराम
१९६३ : चुनी गोस्वामी
१९६४ : जर्नैल सिंग
१९६५ : अरुण घोष
१९६६ : युसुफ खान
१९६७ : पीटर थंगराज

फुटबॉलसाठी अर्जुन पुरस्कार मिळालेले हे पहिले सात खेळाडू. पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला आणि ओळीने सात वर्षं फुटबॉलचा मान या सात जणांकडे गेला. आता यांच्यात सारखं काय आहे ते शोधा. कुणी बंगालचा, कुणी पंजाबचा, कुणी सिकंदराबादचा. कुणी गोलकीपर, कुणी बचावाला, कुणी पुढच्या फळीत. पण १९६२ मध्ये जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये गोल्ड जिंकणाऱ्या भारतीय टीममध्ये हे सातही जण होते. आणि त्या टीमचा कोच एकच होता, सय्यद अब्दुल रहीम.

सात खेळाडूंना सात पुरस्कार मिळाले. त्यांना घडवणाऱ्या माणसाच्या नावावर ना पद्म आहे, ना द्रोणाचार्य.

२०२४ मध्ये अजय देवगणचा ‘मैदान’ सिनेमा आला आणि रहीमसाहेबांचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आलं. रील्स झाल्या, पोस्ट झाल्या, विस्मृतीत गेलेला हिरो वगैरे लिहून झालं. पण मूळ मुद्दा तसाच राहिला. भारत सरकारने या माणसाचा सन्मान का केला नाही? आणि आज करायचं ठरवलं तर करता येईल का?

त्यासाठी आधी रहीमसाहेब कोण होते ते समजून घेऊ.

राजुऱ्याच्या पलीकडचं हैदराबाद

बल्लारशा स्टेशनवरून हैदराबादकडे जाणारी गाडी वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि राजुरा तालुक्यात शिरते. आज राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. पण १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. तिकडे गडचिरोलीच्या टोकाला सिरोंचाहून आजही नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. त्यामुळे ही गोष्ट दूरच्या कुठल्या शहराची नाही. रहीमसाहेबांची टीम जेव्हा देश गाजवत होती, तेव्हा राजुरा आणि अख्खा मराठवाडा त्यांच्याच राज्यात होता.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झालं आणि कॉलेजात असताना ते विद्यापीठाच्या टीमकडून फुटबॉल खेळले. पदवी घेतल्यावर त्यांनी शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. काचीगुडा, चादरघाट अशा हैदराबादच्या वेगवेगळ्या भागांतल्या शाळांत त्यांनी शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेतल्या खेळाची जबाबदारी घेतली. आपल्याकडे ज्यांना पीटीचे सर म्हणतात, तेच काम.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले. १९६३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते या पदावर होते. ही वीस वर्षं लक्षात ठेवा, पुढे पुरस्काराच्या नियमांशी त्यांचा संबंध येणार आहे.

कूपरेजवर सलग पाच वर्षं

स्वातंत्र्यानंतरच्या काळात भारतीय फुटबॉल म्हणजे कलकत्ता असं समीकरण होतं. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग हे मोठे क्लब तिथलेच. पैसा, प्रेक्षक आणि वर्तमानपत्रंही तिथेच.

अशा काळात रहीमसाहेबांनी १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलिसांची टीम हाती घेतली. त्याच वर्षी या टीमनं ड्युरँड कपच्या फायनलमध्ये मोहन बागानला हरवलं. तिकडे मुंबईत कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप व्हायचा. ब्रिटिशांच्या काळात, १८९१ मध्ये सुरू झालेली ही देशातली फार मानाची स्पर्धा. हैदराबाद पोलिसांनी ती १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं जिंकली.

मुंबईला त्यांनी आणखी एका ठिकाणी दणका दिला. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी दोन वर्षं हैदराबादनं संतोष ट्रॉफी जिंकली. दोन्ही वेळा फायनलला समोर मुंबईची टीम होती.

हे करताना त्यांच्याकडे मोठ्या क्लबसारखे पैसे नव्हते. बाहेरून तयार खेळाडू विकत आणायची सोय नव्हती. मग खेळाडू आपल्याच गल्लीबोळांतून शोधायचे आणि घडवायचे, हा एकच रस्ता होता. तुलसीदास बलराम हे त्याचं उत्तम उदाहरण. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातल्या गरीब घरातला हा पोरगा. सरावाला शहरात येणं त्याला परवडत नव्हतं. तेव्हा सायकलच्या भाड्याचे पैसे रहीमसाहेब खिशातून द्यायचे. हाच बलराम पुढे दोन ऑलिम्पिक खेळला आणि आजही भारताच्या सर्वोत्तम फॉरवर्ड खेळाडूंमध्ये त्याचं नाव घेतलं जातं.

दिल्लीत गोल्ड, हेलसिंकीत दहा गोल

१९५१ मध्ये दिल्लीत पहिले एशियन गेम्स भरले. भारतीय फुटबॉल टीमचे कोच होते रहीमसाहेब आणि कॅप्टन होते शैलेन मन्ना. भारतानं आधी इंडोनेशियाला ३-० नं हरवलं, मग अफगाणिस्तानला ३-० नं. फायनल इराणशी झाली. साहू मेवालालनं केलेल्या एकमेव गोलवर भारत जिंकला. स्वतंत्र भारताचं फुटबॉलमधलं हे पहिलं मोठं यश.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये जमिनीवर आपटावं लागलं. पहिल्याच मॅचमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ नं धुतलं. फिनलंडच्या थंडीत आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते.

मराठी वाचकांना हे ऑलिम्पिक वेगळ्या कारणासाठी माहीत आहे. याच हेलसिंकीत, फुटबॉलच्या त्या पराभवानंतर साधारण आठवडाभरानं, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ जिंकलं. त्यांना तिथे पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते. खाशाबांचं पुढे येणार आहे.

दहा गोल खाल्ल्यावर रहीमसाहेबांनी काय केलं, यात त्यांचा मोठेपणा आहे. त्यांनी हवामानाला दोष देऊन विषय संपवला नाही. युरोप कसं खेळतो ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. या हेलसिंकीचं गोल्ड हंगेरीनं जिंकलं आणि १९५३ मध्ये त्याच हंगेरीनं वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ नं हरवलं. हंगेरीची युक्ती होती ती सेंटर फॉरवर्डला गोलजवळ उभं न ठेवता मागे खेचण्याची. त्याला अडवणारा बचावपटू त्याच्यामागे पुढे आला की मागे मोकळी जागा तयार व्हायची आणि तिथे दुसरे फॉरवर्ड घुसायचे.

रहीमसाहेबांनी ही कल्पना उचलली आणि आपल्या खेळाडूंना शिकवली. इकडे फुटबॉल संघटनेनंही बूट सक्तीचे केले. अनवाणी फुटबॉलचा जमाना संपला.

मेलबर्न : पहिली आशियाई टीम

चार वर्षांनी मेलबर्नमध्ये भारताची टीम वेगळीच दिसली.

पहिल्या फेरीत हंगेरीनं माघार घेतल्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ ला क्वार्टर फायनल होती आणि समोर यजमान ऑस्ट्रेलिया. त्यांच्या घरच्या प्रेक्षकांसमोर भारतानं ४-२ नं मॅच मारली. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. नेव्हिल मूळचा गोव्यातल्या आसगावचा, मुंबईत टाटांच्या टीमकडून खेळणारा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. चार गोलांसह स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्येही तो बरोबरीनं पहिला होता.

सेमी फायनलमध्ये पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल मारले होते, त्यांच्याविरुद्ध भारतानं पहिला गोल केला, तोही नेव्हिलनंच. पुढे मॅच ४-१ नं गेली. ब्राँझसाठीच्या मॅचमध्ये बल्गेरियानं ३-० नं हरवलं. भारत चौथा आला.

पण ऑलिम्पिक फुटबॉलच्या सेमी फायनलला पोचलेली ती आशियातली पहिली टीम होती. १०-१ पासून इथपर्यंत यायला फक्त चार वर्षं लागली.

आणखी एक गोष्ट. १९५८ चा वर्ल्ड कप ब्राझीलनं ४-२-४ या रचनेनं जिंकला आणि ती रचना जगभर गाजली. चार बचावाला, दोन मध्ये, चार पुढे. भारताची टीम मेलबर्नमध्ये याच्याशी मिळतंजुळतं फुटबॉल आधीच खेळून आली होती. इंटरनेट सोडा, टीव्हीवर मॅच बघायची सोयही नसलेल्या देशातल्या एका शाळामास्तरानं जगाच्या बरोबरीनं विचार केला होता.

फक्त कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धा

रहीमसाहेबांच्या कोचिंगचा खरा कस मोठ्या मॅचपेक्षा सरावाच्या मैदानावर दिसायचा. त्यांनी हैदराबादमध्ये काही अजब नियमांच्या स्पर्धा सुरू केल्या.

एका स्पर्धेत खेळाडूनं फक्त कमजोर पायानं खेळायचं. उजव्या पायाचा खेळाडू असेल तर डाव्यानंच पास, डाव्यानंच शॉट. सुरुवातीला सगळेच फजीत व्हायचे. पण महिन्याभरानं दोन्ही पाय चालायला लागायचे.

दुसऱ्या स्पर्धेत ड्रिब्लिंगला बंदी. म्हणजे बॉल घेऊन एकट्यानं चार जणांना चकवायचं नाही. बॉल आला की पुढे द्यायचा. त्या काळात आपल्या फुटबॉलमध्ये प्रेक्षकांना एकट्याची कलाकारी आवडायची आणि खेळाडूंनाही तीच दाखवायची असायची. रहीमसाहेबांनी नियमच असा केला की पोरांना आजूबाजूचे दहा जण दिसायला लागले.

या दोन्ही गोष्टींना खर्च किती? शून्य. ना परदेशी साहित्य, ना जिम. एक मैदान, एक बॉल आणि नियम लावणारा मास्तर. ज्या शाळांकडे आजही यापलीकडे काही नाही, त्यांना हे लगेच कळेल.

जकार्ता : शेवटची मॅच

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारत हंगेरीशी २-१ नं आणि पेरूशी ३-१ नं हरला, फ्रान्सशी १-१ बरोबरी केली. पहिल्या फेरीतच बाहेर पडलो. त्यानंतर आजतागायत भारतीय फुटबॉल टीम ऑलिम्पिकला गेलेली नाही.

मग आलं १९६२ चं जकार्ता.

तिथलं वातावरण आधीच तापलेलं होतं. यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ दिलं नव्हतं. एशियन गेम्सच्या संस्थापकांपैकी एक असलेले भारताचे गुरु दत्त सोंधी यांनी यावर उघड आक्षेप घेतला. त्याचा राग जकार्तात सगळ्याच भारतीयांवर निघाला. भारताच्या वकिलातीवर हल्ला झाला. मैदानात भारतीय टीम आली की हुर्यो उडवली जायची.

पहिली मॅच दक्षिण कोरियाशी, ०-२ नं हार. नंतर थायलंडला ४-१ आणि जपानला २-० नं हरवलं. पण जर्नैल सिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. भारताचा सगळ्यात भरवशाचा बचावपटू, पण टाके घातलेल्या डोक्यानं बचावात हेडर मारणं धोक्याचं. इथे रहीमसाहेबांनी कुणाला सुचणार नाही असा निर्णय घेतला. जर्नैलला बाहेर न बसवता त्यांनी थेट सेंटर फॉरवर्डला खेळवलं. सेमी फायनलमध्ये दक्षिण व्हिएतनामला भारतानं ३-२ नं हरवलं, त्यात एक गोल जर्नैलचा होता.

४ सप्टेंबर १९६२. फायनलला पुन्हा दक्षिण कोरिया. सेनायन स्टेडियममध्ये सुमारे एक लाख प्रेक्षक आणि जवळजवळ सगळे भारताच्या विरोधात. स्टेडियममध्ये भारतासाठी ओरडणाऱ्यांमध्ये पाकिस्तानची हॉकी टीम होती. तापातून उठलेला गोलकीपर थंगराज या मॅचला परत आला. मधल्या फळीत गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत खेळणारा फोर्तुनातो फ्रँको होता. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जींनी गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नैल सिंगनं दुसरा. कोरियानं शेवटी शेवटी एक फेडला. भारत २-१ नं जिंकला.

एशियन गेम्सच्या फुटबॉलमधलं भारताचं हे दुसरं गोल्ड. तिसरं अजून यायचंय. १९७० च्या ब्राँझनंतर तर साधं पदकही आलेलं नाही.

रहीमसाहेबांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. जकार्तानंतर साधारण नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला ते गेले. वय होतं ५३.

मग पुरस्कार का मिळाला नाही?

यात एक उत्तर सरळ आहे आणि एक अवघड.

सरळ उत्तर असं की द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला. तेव्हा रहीमसाहेबांना जाऊन २२ वर्षं झाली होती. पहिल्याच वर्षी हा मान मिळालेल्यांमध्ये कुस्तीचे मराठी कोच भालचंद्र भागवत होते. फुटबॉलला पहिला द्रोणाचार्य १९९० मध्ये मिळाला, सय्यद नईमुद्दीन यांना. तेही हैदराबादचेच आणि १९७० च्या ब्राँझ जिंकणाऱ्या टीमचे कॅप्टन. अलीकडे मुंबईचे बिमल घोष आणि गोव्याचे आर्मांदो कुलासो यांना जीवनगौरव गटात द्रोणाचार्य मिळाला. हे सगळे त्या मानाचे हक्कदार आहेत, त्यात वाद नाही.

अवघड उत्तर पद्म पुरस्कारांचं आहे. ते १९५४ पासून आहेत. रहीमसाहेब त्यानंतर नऊ वर्षं जिवंत होते. याच नऊ वर्षांत मेलबर्नची सेमी फायनल झाली आणि जकार्ताचं गोल्ड आलं. म्हणजे संधी होती, पण दिला गेला नाही. पुढे चुनी गोस्वामी आणि प्रदीपकुमार बॅनर्जी या त्यांच्या खेळाडूंना पद्मश्री मिळाली. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही फुटबॉलपटू आणि आंतरराष्ट्रीय रेफ्री होते. त्यांना २०१७ मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला. खेळाडूंना मिळाला, मुलाला मिळाला, फक्त मास्तर राहिले.

आता पद्मचा रस्ता जवळपास बंद आहे. नियमानुसार पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत. अपवाद करायचा तर मृत्यू अलीकडचा, म्हणजे साधारण वर्षभरातला असावा लागतो. याच नियमाची भिंत खाशाबा जाधवांच्या पद्मच्या मागणीलाही आडवी येते. खाशाबा १९८४ मध्ये गेले आणि त्यांना मरणोत्तर अर्जुन मिळायला दीड दशकाहून जास्त काळ जावा लागला.

पण खाशाबांच्या या उदाहरणातच वाट दिसते. क्रीडा पुरस्कार मरणोत्तर देता येतो, सरकारनं तो दिलेला आहे. द्रोणाचार्यचंही उदाहरण आहे. २०१७ मध्ये ॲथलेटिक्सचे कोच डॉ. आर. गांधी यांना तो मरणोत्तर दिला गेला. द्रोणाचार्यमध्ये जीवनगौरव हा गटही आहे, ज्यात वीस वर्षं किंवा त्याहून जास्त काळाचं योगदान बघितलं जातं. १९४३ ते १९६३, मोजा.

पण हरकतीही आहेत

पहिली हरकत : मेलबर्नमध्ये हंगेरीनं माघार घेतली म्हणून भारत पुढे गेला, त्यात कोचचं काय कर्तृत्व? हंगेरीच्या माघारीचा फायदा झाला हे खरंच आहे. पण ऑस्ट्रेलियाला त्यांच्या घरी चार गोल मारले ते माघारीमुळे नाहीत. आणि जकार्तात तर कुणीच माघार घेतली नव्हती.

दुसरी हरकत : तेव्हा आशियातलं फुटबॉल आजच्याएवढं तगडं नव्हतं. तेही मान्य. मग प्रश्न उलटा विचारा. ज्या दक्षिण कोरियाला आणि जपानला एकाच स्पर्धेत आपण हरवलं, ते आज नेमानं वर्ल्ड कप खेळतात. त्यांनी पुढच्या साठ वर्षांत कोच घडवले, शाळा आणि कॉलेजांत फुटबॉल नेलं. आपण आपला कोच गेल्यावर त्याच्या पद्धतीही विसरलो.

तिसरी हरकत सगळ्यात वजनदार आहे. साठ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आज पुरस्कार देऊन काय मिळणार? असं सुरू केलं तर यादी कुठे थांबणार? आणि आय-लीगमध्ये सर्वोत्तम कोचच्या पुरस्काराला रहीम यांचं नाव दिलं गेलंय, ते पुरेसं नाही का?

त्यावर म्हणणं एवढंच की खेळाच्या संघटनेनं नाव देणं वेगळं आणि देशानं नोंद घेणं वेगळं. रहीमसाहेब कुठल्या लीगसाठी राबले नव्हते, देशाच्या टीमसाठी राबले. राहिला यादीचा प्रश्न. देशाला एकाच खेळात दोन एशियन गोल्ड आणि एक ऑलिम्पिक सेमी फायनल देणारे किती कोच पुरस्काराविना राहिलेत? ती यादी एका हाताच्या बोटांवर संपेल.

चंद्रपूर-गडचिरोलीत याचं काय?

२०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. त्या वेळी त्यांचे फोटो घराघरांत पोचले, आणि पोचायलाच हवे होते. पण त्यांना आधी शाळेच्या मैदानावर पळवणाऱ्या, निवड चाचणीला नेणाऱ्या सरांची नावं तुम्हाला आठवतात का? आपल्यापैकी बहुतेकांनी ती कधी विचारलीच नाहीत.

दरवर्षी आदिवासी विकास विभागाच्या क्रीडा स्पर्धा होतात. भामरागड, अहेरी, जिवती अशा भागांतून पोरं प्रकल्पस्तरावर, तिथून विभागस्तरावर खेळायला येतात. त्यांच्याबरोबर एक सर किंवा मॅडम असतात. पोरांना बसमध्ये चढवणं, जेवायला घालणं, लागलं-खुपलं तर औषध बघणं आणि मॅच सुरू झाली की रेषेबाहेर उभं राहून ओरडणं, सगळं त्यांच्याच अंगावर. कप आला की फोटोत मधोमध पोरं आणि पाहुणे असतात. सर कडेला किंवा फोटो काढणाऱ्याच्या मागे.

राज्याच्या शिवछत्रपती पुरस्कारात मार्गदर्शकांसाठी वेगळा गट आहे. जिल्हा क्रीडा पुरस्कारातही आहे. पण हे सगळे पुरस्कार अर्जावर चालतात. पदकांची प्रमाणपत्रं गोळा करायची, फॉर्म भरायचा, कागद जोडायचे. द्रोणाचार्यसाठीही आता ऑनलाइन अर्ज मागवतात आणि उमेदवार स्वतःच अर्ज करू शकतो. नियमित गटात गेल्या चार वर्षांची कामगिरी बघितली जाते. ज्याला स्वतःबद्दल लिहिता येत नाही, ज्याचा खेळाडू पाच वर्षांनी चमकला, किंवा जो आता हयातच नाही, तो या पद्धतीत बसत नाही.

रहीमसाहेब अर्ज करू शकत नाहीत. म्हणून तो त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी करायला हवा. फुटबॉल महासंघानं, तेलंगण सरकारनं किंवा ज्यांच्या मैदानावर त्यांनी सलग पाच कप जिंकले त्या मुंबईच्या, महाराष्ट्राच्या फुटबॉल संघटनेनंही. त्यासाठी लागणारे पुरावे शोधायला जायचीही गरज नाही. १९५१ चा आणि १९६२ चा निकाल एशियन गेम्सच्या नोंदीत आहे. मेलबर्नचा ऑलिम्पिकच्या नोंदीत आहे. आणि अर्जुन पुरस्कारांची पहिली सात नावं सरकारच्या स्वतःच्याच यादीत आहेत.

देशानं एका शाळेतल्या मास्तरला उशिरा का होईना द्रोणाचार्य दिला, तर ती बातमी भामरागडच्या एखाद्या पीटीच्या सरांच्या मोबाईलवरही पोचेल. तोवर एक काम आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी तुमच्या गावातल्या टीमनं कप आणला आणि तुम्ही फोटो टाकलात, तर कॅप्शनमध्ये सरांचंही नाव लिहा.